अग्रहायण १४ की मार्गशीर्ष शुद्ध ४? एका दिवसाच्या दोन मित्या

विचारलेला प्रश्न असा: ५ डिसेंबर २०२४ या तारखेच्या सरकारी कागदावर ‘अग्रहायण १४, शके १९४६’ असं छापलेलं होतं. घरच्या कॅलेंडरवर मात्र त्याच दिवशी मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थी होती, आणि मार्गशीर्षातला पहिला गुरुवार म्हणून घट मांडला होता. अग्रहायण हे मार्गशीर्षाचंच दुसरं नाव, असं शाळेत शिकवलं होतं. मग एकीकडे चौदावा दिवस आणि दुसरीकडे चौथा, असं का? शिवाय ‘अग्रहायण’ म्हणजे वर्षाचा पहिला महिना असेल, तर तो नवव्या जागेवर कसा जाऊन बसला?

पंचांगाची गणितं आणि मुद्रितं तपासण्यात माझी तीसेक वर्षं गेली. दर डिसेंबरात हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच, आणि विचारणाऱ्याची चूक नसते. आपण एकाच नावाखाली तीन वेगळे महिने चालवतो, ही खरी अडचण आहे. तुमच्या कॅलेंडरवरचा मार्गशीर्ष चंद्राचा आहे. सरकारी अग्रहायण सूर्याचा आहे, त्याचा चंद्राशी काही संबंध नाही. आणि तिसरा अग्रहायण फार जुना, पिकाचा आणि देण्याघेण्याचा, तो आता फक्त शब्दात उरला आहे. पहिल्या दोघांचा हिशेब पटकन लागतो. मला खरा रस तिसऱ्यात आहे, पण तिथवर जायचं तर आधी आकाशात बघावं लागेल.

मार्गशीर्ष हा शब्द ‘मार्ग’ म्हणजे रस्ता यावरून आलेला नाही. पावसाळा संपून वाटा मोकळ्या होतात, लोक प्रवासाला निघतात, म्हणून मार्गशीर्ष, असं सांगणारे मला पुष्कळ भेटले. कल्पना छान आहे, पण व्युत्पत्ती नाही. मूळ शब्द मृगशीर्ष, म्हणजे हरणाचं डोकं. संस्कृतात नक्षत्राच्या नावावरून पौर्णिमेचं आणि महिन्याचं नाव करताना पहिल्या स्वराची वृद्धी होते: चित्राचा चैत्र, विशाखाचा वैशाख, पुष्याचा पौष, मघाचा माघ. ‘ऋ’ची वृद्धी ‘आर्’ होते, म्हणून कृत्तिकेचा कार्तिक आणि मृगशीर्षाचा मार्गशीर्ष. हे दोन महिने व्याकरणातले सख्खे भाऊ आहेत. ज्या महिन्यात त्या नक्षत्रापाशी पौर्णिमा होते, तो महिना त्याच्या नावाचा, हा नियम पाणिनीने ‘सास्मिन् पौर्णमासीति’ या सूत्रात एका ओळीत सांगून टाकला आहे.

याचा अर्थ महिन्याचं नाव मूळचं पौर्णिमेचं आहे. वेदांच्या संहितांमध्ये बारा महिन्यांची नावं वेगळीच आहेत: मधु, माधव, शुक्र, शुचि, नभस्, नभस्य, इष, ऊर्ज, सहस्, सहस्य, तपस्, तपस्य. ती ऋतूंची नावं आहेत, दोन-दोनच्या जोड्यांनी सहा ऋतू. त्यातला सहस् हा आपल्या मार्गशीर्षाच्या जागी येतो. ‘चित्रापूर्णमास’ किंवा ‘फल्गुनीपूर्णमास’ असे शब्द संहितेतही भेटतात, पण ते त्या त्या पौर्णिमेचे. पौर्णिमेचं नाव अख्ख्या महिन्याला चिकटलं ते नंतर. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशाच्या काळापर्यंत दोन्ही परंपरा एका ओळीत येऊन बसल्या होत्या: ‘मार्गशीर्षे सहा मार्ग आग्रहायणिकश्च सः’. एका महिन्याला चार नावं. त्यातलं शेवटचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

इथे आपल्याकडच्या शेतकऱ्याला हमखास पडणारी एक शंका. मृग नक्षत्र तर जूनमध्ये लागतं, सात-आठ तारखेला, आणि पेरणीची धांदल सुरू होते. मग मृगाचा महिना डिसेंबरात कसा? उत्तर असं की जूनमध्ये मृगात सूर्य असतो आणि डिसेंबरात मृगाजवळ पौर्णिमेचा चंद्र असतो. पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र आकाशात समोरासमोर येतात, म्हणून एकाच नक्षत्राच्या या दोन भेटींत बरोबर सहा महिन्यांचं अंतर पडतं. जूनमध्ये मृग दिसत नाही, कारण सूर्य त्याच्यातच बसलेला असतो. मार्गशीर्षात मात्र तो सूर्य मावळताना पूर्वेला उगवतो आणि रात्रभर दिसतो. चार कोपऱ्यांचे चार तारे म्हणजे हरणाचे पाय, मधोमध घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण, खाली लखलखणारा व्याध. हे चित्र आपल्याकडे पोरासोरांनाही माहीत असतं. ज्या ‘शीर्षा’वरून महिन्याचं नाव पडलं ते मात्र फारसं कुणी बघत नाही, कारण तिथले तीन तारे बारीक आहेत. अमरकोशात त्यांना ‘इल्वला’ म्हटलं आहे.

आता एक कबुली. मार्गशीर्ष पौर्णिमेला चंद्र मृगशीर्षातच असतो असं नाही. गेल्या काही वर्षांच्या दत्तजयंत्या बघा. २०२३ साली २६ डिसेंबरला पौर्णिमा पूर्ण होताना चंद्र आर्द्रेत होता. २०२४ साली १५ डिसेंबरला तो मृगशीर्षात होता, अगदी नावाप्रमाणे. २०२५ साली ४ डिसेंबरच्या रात्रीनंतर पौर्णिमा पूर्ण झाली तेव्हा तो रोहिणीत होता. तीन वर्षांत तीन नक्षत्रं. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे पुढचे सगळे सण उशिरा गेले. मग दर वर्षी अकराएक दिवस मागे सरकत सरकत २०२५ मध्ये ते लवकर आले, आणि २०२६ च्या अधिक ज्येष्ठाने पुन्हा पुढे ढकलले. पौर्णिमा या हिशेबात पुढेमागे होते आणि चंद्राची जागाही तिच्याबरोबर सरकते. जुन्या सिद्धांतकारांना हे ठाऊक होतं. सूर्यसिद्धांतात मार्गशीर्षाच्या वाट्याला मृगशीर्ष आणि आर्द्रा अशी दोन नक्षत्रं दिली आहेत, कार्तिकाच्या वाट्याला कृत्तिका आणि रोहिणी. म्हणजे २०२५ ची पौर्णिमा नक्षत्राच्या न्यायाने कार्तिकी ठरली असती!

तशी ती ठरत नाही, कारण महिन्याचं नाव आता नक्षत्र ठरवत नाही, संक्रांत ठरवते. ज्या चांद्र महिन्यात सूर्य मेषेत जातो तो चैत्र, वृषभेत जातो तो वैशाख, आणि ज्यात धनू राशीत जातो तो मार्गशीर्ष. धनुसंक्रांत सध्या १६ डिसेंबरच्या सुमारास असते, त्यामुळे १६ डिसेंबर ज्या अमावास्या-ते-अमावास्या महिन्यात सापडेल तो मार्गशीर्ष. माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या मुलाला मी पहिल्या दिवशी हेच सांगायचो: नाव नक्षत्राचं, पण हुकूम संक्रांतीचा. ज्या महिन्यात संक्रांतच येत नाही तो अधिक, आणि ज्यात दोन येतात तो क्षयमास.

हा क्षयमास मार्गशीर्षाच्याच आसपास घुटमळतो. भास्कराचार्यांनी सिद्धांतशिरोमणीत स्वच्छ लिहून ठेवलं आहे, ‘क्षयः कार्तिकादित्रये नान्यतः स्यात्’. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष या तिघांतच, दुसरीकडे नाही. कारण असं की जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याला सगळ्यात जवळ असते आणि वेगात असते. त्यामुळे धनू राशी ओलांडायला सूर्याला साडेएकोणतीस दिवसांहूनही थोडे कमी पुरतात. मिथुन ओलांडायला मात्र साडेएकतीसच्या आसपास लागतात. थंडीत सौर महिना चांद्र महिन्याएवढा, कधी त्याहूनही आखूड होतो, म्हणून एका चांद्र महिन्यात दोन संक्रांती मावू शकतात. याच कारणाने अधिक मार्गशीर्ष आपल्याला भेटत नाही. धोंड्याचा महिना जावयाच्या कौतुकासाठी उन्हाळ्या-पावसाळ्याकडेच येतो, त्याच्या मुळाशी हे गणित आहे.

तर हा झाला पहिला, चंद्राचा महिना. आता ‘अग्रहायण’.

‘अग्र’ म्हणजे पुढचा, पहिला. ‘हायन’ म्हणजे वर्ष. ज्या पौर्णिमेपासून वर्ष पुढे चालू लागतं ती आग्रहायणी. अमरकोश तर मृगशीर्ष नक्षत्रालाच ‘आग्रहायणी’ हे नाव देतो. दोन्ही नावं एकाच पौर्णिमेची असली तरी त्यांचं काम वेगळं आहे. मार्गशीर्ष हा पत्ता आहे: चंद्र कुठे उभा होता ते सांगतो. आग्रहायणी हा हुद्दा आहे: वर्षाच्या रांगेत ती पौर्णिमा कितवी होती ते सांगतो. पत्ता बदलत नाही, हुद्दा जातो. आणि हुद्दा गेल्यावरही नाव राहतं. इंग्रजी महिन्यांत हे रोज आपल्या डोळ्यांसमोर आहे. सप्टेंबरच्या नावात ‘सात’ आहे आणि तो नववा, डिसेंबरच्या नावात ‘दहा’ आहे आणि तो बारावा, कारण रोमन लोकांचं जुनं वर्ष मार्चपासून मोजलं जाई. अग्रहायण नववा कसा, याचं उत्तरही याच जातीचं आहे.

पण कुणाचं वर्ष होतं ते? इथे बहुतेक जण थेट लोकमान्य टिळकांच्या ‘ओरायन’कडे धाव घेतात. १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथात ‘आग्रहायण’ या शब्दासाठी एक स्वतंत्र प्रकरण आहे. टिळकांचं म्हणणं थोडक्यात असं: मृगशीर्ष वर्षाच्या अग्रभागी होतं याचा अर्थ एके काळी वसंतसंपात, म्हणजे दिवस-रात्र समान असतानाचं सूर्याचं स्थान, मृगशीर्षात होतं. संपात दर ७२ वर्षांनी सुमारे एक अंश मागे सरकतो, त्यामुळे एक नक्षत्र ओलांडायला त्याला साडेनऊशेहून अधिक वर्षं लागतात. हा हिशेब मागे नेला की इसवी सनापूर्वी ४००० च्या आसपासचा काळ मिळतो. जर्मनीत हेरमान याकोबी यांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे अशाच प्रकारचा युक्तिवाद केला.

टिळकांची मांडणी मी तरुणपणी भारावून वाचली आणि अजूनही अधूनमधून वाचतो. पण एक गोष्ट गणित करताना टोचते. टिळकांना हवा आहे तो मृगशीर्षातला सूर्य. शब्द मात्र ज्या पौर्णिमेला चिकटला आहे, तिच्यात मृगशीर्षात चंद्र असतो आणि सूर्य आकाशाच्या दुसऱ्या टोकाला. टिळकांना ही अडचण दिसत होती, ते प्रकरण त्याच झुंजीचं आहे. त्यांचं उत्तर असं की वर्षारंभाचा मान मूळचा नक्षत्राचा, महिन्याला तो गैरसमजाने चिकटला. असेल. पण त्यासाठी शब्दाच्या ज्ञात वापराच्या मागे जाऊन एक अज्ञात वापर गृहीत धरावा लागतो. मला ज्ञात वापर पुरेसा बोलका वाटतो.

तो वापर पाणिनीकडेच सापडतो, आणि गंमत म्हणजे ज्योतिषाच्या संदर्भात नाही, कर्जाच्या. अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायात ‘देयमृणे’ असं सूत्र आहे: अमुक काळी फेडायचं ऋण, या अर्थाने शब्द कसा करायचा. त्याच्या पुढेच ‘संवत्सराग्रहायणीभ्यां ठञ् च’. म्हणजे संवत्सर भरल्यावर फेडायचं ते ‘सांवत्सरिक’ ऋण, आणि आग्रहायणीला फेडायचं ते ‘आग्रहायणिक’. याच गटात ‘यवबुस’ही आहे: जवाचा भुसा निघेल तेव्हा फेडायचं ऋण. एकदा हे वाचलं की आग्रहायणीचा चेहरा स्पष्ट होतो. पाऊस संपला, भात कापलं, मळणी झाली, धान्य घरात आलं, आता सावकाराचं देणं चुकतं करायचं. तो दिवस वर्षाचा पहिला नसेल तर कुठला असेल?

‘हायन’ या शब्दातही भात लपलेलं आहे. पाणिनीचंच दुसरं सूत्र, ‘हश्च व्रीहिकालयोः’: ‘हा’ धातूपासून होणारा हा शब्द दोन अर्थांनी सिद्ध होतो, व्रीहि आणि काल. हायन म्हणजे एक प्रकारचं भात आणि हायन म्हणजे वर्ष. अग्रहायणाचा ‘नव्या भाताचा महिना’ असा अर्थ लावणाऱ्यांच्या पाठीशी हे सूत्र उभं राहतं. मी स्वतः ‘वर्षाचा अग्र’ हाच अर्थ धरतो, कारण शेजारच्या सूत्रात तो संवत्सराच्या जोडीला बसला आहे. पण पीक आणि वर्ष यांना एकच शब्द असणाऱ्या समाजात हा वाद फार ताणण्यात अर्थ नाही. आपणही पावसाला आणि सालाला ‘वर्ष’ या एकाच शब्दाने बांधलं आहेच की.

गृह्यसूत्रांतला, म्हणजे घरगुती विधींच्या जुन्या ग्रंथांतला, विधीही याच दिशेने बोट दाखवतो. आश्वलायन गृह्यसूत्रात मार्गशीर्षी पौर्णिमेच्या सुमारास ‘प्रत्यवरोहण’ सांगितलं आहे, शब्दशः ‘पुन्हा खाली उतरणं’. श्रावणातल्या सर्पबलीपासून घरची माणसं सापांच्या भीतीने उंच बिछान्यावर झोपत, ती या दिवशी विधिपूर्वक पुन्हा जमिनीवर झोपू लागत. गौतमाच्या संस्कारांच्या यादीत सात पाकयज्ञ, म्हणजे घरच्या अग्नीवर करायचे छोटे यज्ञ, आहेत, त्यात श्रावणीच्या बरोबरीने आग्रहायणीचं नाव आहे. पावसाळ्याची अडचण संपली आणि राहतं घर मोकळं झालं, याची ही खूण. ग्रहगणिताचा तिथे संबंध नाही.

तेव्हा ‘वर्ष मार्गशीर्षापासून सुरू होत होतं का?’ याचं माझं उत्तर: एक वर्ष होत होतं, एकमेव नव्हे. तैत्तिरीय संहिता फाल्गुनी पौर्णिमेला संवत्सराचं मुख म्हणते आणि त्याच ठिकाणी चैत्री पौर्णिमेलाही म्हणते. वेदांगज्योतिष या प्राचीन ग्रंथातलं पाच वर्षांचं युग माघ शुद्ध प्रतिपदेला सुरू होतं. यज्ञ करणाऱ्याचं वर्ष निराळं, गणित करणाऱ्याचं निराळं, धान्य उसनं घेणाऱ्याचं निराळं. यात चक्रावण्यासारखं काही नाही. आपलं पंचांग गुढीपाडव्याला उघडतं, व्यापाऱ्याची वही दिवाळीच्या पाडव्याला, आयकराचं वर्ष १ एप्रिलला, आणि तलाठ्याचं महसुली वर्ष १ ऑगस्टला. उद्या कुणी एवढ्यावरून आपल्या काळी वसंतसंपात कुठे होता ते काढू लागला, तर काय काय निघेल!

मार्गशीर्षाचा वर्षारंभ अगदीच पुराणकाळातला होता असंही नाही. अल्-बिरुनी या मध्ययुगीन पंडिताने इसवी सन १०३० च्या सुमारास लिहिलं आहे की सिंध आणि कनोजकडचे लोक मार्गशीर्षाच्या अमावास्येपासून वर्ष मोजत, आणि मुलतानच्या लोकांनी ती पद्धत सोडून काश्मीरप्रमाणे चैत्र धरला तो अगदी अलीकडे, काही वर्षांपूर्वी, असं त्याला तिथल्या लोकांनीच सांगितलं. पाणिनीनंतर हजाराहून अधिक वर्षांनी ही रीत कुठे कुठे चालू होती, याची ही साक्ष.

‘मासानां मार्गशीर्षोऽहम्’ हा गीतेच्या दहाव्या अध्यायातला चरण लोक याच वादात पुरावा म्हणून पुढे करतात. मी करत नाही. त्याच श्लोकात पुढे ‘ऋतूनां कुसुमाकरः’ आहे, म्हणजे ऋतूंत वसंत. पहिला महिना मार्गशीर्ष आणि पहिला ऋतू वसंत, हे एकाच वर्षात कसं जमवणार? तिथे श्रेष्ठत्व सांगायचं आहे, अनुक्रम नाही.

आता वापराकडे येतो, कारण रोजच्या चुका इथे होतात. उत्तरेत या महिन्याला अगहन म्हणतात, आसामीत आघोण, बंगालीत अग्रहायण आणि बोलताना अघ्रान. ही सगळी ‘हुद्द्या’ची वंशावळ. गुजरातीतला मागशर, पंजाबीतला मग्घर, नेपाळीतला मंसिर, कानडीतला मार्गशिर आणि तमिळमधला मार्गळि ही ‘पत्त्या’ची. आपण मराठीत पत्ताच लिहितो, तोही पूर्ण संस्कृत रूपात. नावं नातलग असली तरी महिने एकच नव्हेत. बंगालमध्ये आणि तमिळनाडूत महिने सौर आहेत. एप्रिलच्या मध्यावर सूर्य मेषेत गेला की तमिळांचा चित्तिरै सुरू होतो आणि बंगाल्यांचा बोइशाख; एकाच सौर महिन्याला एकाने चैत्राचं नाव दिलं, दुसऱ्याने वैशाखाचं. ही एका घराची तफावत वर्षभर चालते. म्हणून बंगालचा अग्रहायण नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत असतो, आणि तो संपतो तेव्हा तमिळांचा मार्गळि सुरू होतो. तो मार्गळि म्हणजे आपला धनुर्मास, पहाटे उठून खिचडी-बाजरीची भाकरी खायचा धुंधुरमास.

हिंदी अगहन चांद्रच आहे, पण तिकडचा महिना पौर्णिमेला संपतो. आपण अमावास्येला संपवतो. शुद्ध पक्षात दोघांचं नाव जुळतं, वद्य पक्षात उत्तरेचा महिना एकाने पुढे असतो. आपली कार्तिक वद्य त्रयोदशी, ज्ञानेश्वरांच्या संजीवन समाधीची, ज्यासाठी आळंदी भरते, ती उत्तरेच्या पंचांगात अगहन वदी तेरस असते. दिवस तोच, महिना निराळा.

या एका गोष्टीने काय घोळ होतो ते सांगतो. काही वर्षांपूर्वी विदर्भातलं एक कुटुंब शेताच्या वाटणीच्या वादात एक जुना हिंदी दस्त घेऊन आलं. त्यावर ‘अगहन बदी ११’ अशी मिती होती. कुणीतरी तिचा मराठी तर्जुमा ‘मार्गशीर्ष वद्य ११’ असा करून तारीख काढून दिली होती. त्या तारखेप्रमाणे दस्त लिहिण्याआधीच नोंदवला गेला होता! समोरच्या बाजूने अर्थातच तो बनावट ठरवायला घेतला. खरं उत्तर कार्तिक वद्य ११ होतं. महिनाभर मागे गेल्यावर लिहिणं आणि नोंदवणं आपापल्या क्रमाने बसलं. जुन्या कागदावर अगहन किंवा मार्गशीर्ष दिसला आणि पक्ष वद्य असेल, तर लिहिणारा कुठला ते आधी बघा. ‘वदी-सुदी’ असेल तर कान टवकारा. आपल्या मोडी कागदांत ‘शु॥’ आणि ‘व॥’ अशा खुणा असतात, तिथे महिना सहसा आपल्याच पद्धतीचा असतो.

राहिला सरकारी अग्रहायण. १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली, १९५५ मध्ये तिचा अहवाल आला, आणि २२ मार्च १९५७ या दिवशी चैत्र १, शके १८७९ धरून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तीत तिथी नाहीत, पक्ष नाहीत, अधिक महिना नाही. वैशाख ते भाद्रपद ३१ दिवसांचे, आश्विन ते फाल्गुन ३० दिवसांचे, चैत्र ३० चा आणि लीप वर्षात ३१ चा. उन्हाळ्याकडचे महिने लांब का, हे वर क्षयमासाच्या वेळी आलंच आहे: सूर्य तिकडे हळू चालतो. अग्रहायण दर वर्षी २२ नोव्हेंबरला सुरू होतो आणि २१ डिसेंबरला संपतो. म्हणून ५ डिसेंबर हा कायम अग्रहायण १४. २०२४ साली चांद्र मार्गशीर्ष २ डिसेंबरला लागला, म्हणून त्या दिवशी शुद्ध ४. २०२३ साली तो १३ डिसेंबरला लागला, त्यामुळे सरकारी अग्रहायणाचे पहिले एकवीस दिवस आपण कार्तिकातच होतो. समितीने मार्गशीर्षाऐवजी अग्रहायण का निवडलं? साहा बंगालचे, समितीचे सचिव निर्मलचंद्र लाहिरीही बंगालचे. घरात जे नाव कानी पडलं तेच कागदावर आलं, असा माझा आपला तर्क. एका परीने बरंच झालं. निदान मराठी माणसाला दोन महिने दोन नावांनी ओळखता येतात. चैत्र, वैशाख, श्रावण यांच्या बाबतीत ही सोय नाही, तिथे सरकारी आणि घरचा महिना एकाच नावाने नांदतो आणि घोळ कुणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून लिहिताना एवढं पाळा. राष्ट्रीय दिनांक असेल तर ‘अग्रहायण’ आणि पुढे साधा आकडा. तिथी असेल तर ‘मार्गशीर्ष’ आणि शुद्ध किंवा वद्य. ‘अग्रहायण शुद्ध षष्ठी’ असं मी लग्नपत्रिकेत वाचलं आहे. चंपाषष्ठीचा मुहूर्त होता, यजमानांना काहीतरी भारदस्त हवं असणार. असं लिहू नका; राष्ट्रीय दिनदर्शिकेत षष्ठी नसते. ‘मार्गशीर्ष २२’ हेही तितकंच निरर्थक. आणि शुद्धलेखन: ‘शी’ दीर्घ, त्यानंतरच्या ‘ष’वर रफार. ‘मार्गशिर्ष’ आणि ‘मार्गशीष’ या दोन्ही रूपांनी माझा लाल पेनचा निम्मा खर्च केला आहे.

दोन्ही मित्या एकत्र बघायच्या असतील तर संविधानाची हिंदी उद्देशिका काढा. २६ नोव्हेंबर १९४९ या तारखेपुढे कंसात ‘मिति मार्गशीर्ष शुक्ल सप्तमी, संवत् दो हजार छह विक्रमी’ असं लिहिलं आहे. हिंदीत असूनही अगहन नाही, मार्गशीर्ष. पक्ष शुक्ल, म्हणून उत्तर-दक्षिण वाद नाही. राष्ट्रीय दिनदर्शिका तेव्हा जन्मायची होती. ती मागे लावली तर तो दिवस येतो अग्रहायण ५, शके १८७१. दर वर्षी २६ नोव्हेंबरला अग्रहायण ५ ठरलेलाच, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी मात्र २०२४ साली ८ डिसेंबरला गेली होती.